गँगस्टरपट : दाद मागणाऱ्यांचा सिनेमा

मराठी विभागांच्या चर्चासत्रांत ‘साहित्य आणि चित्रपट’ हा विषय निघाला, की गँगस्टरपटांविषयी दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले ज्येष्ठांचे : या चित्रपटांनी हिंसेचे उदात्तीकरण केले आणि पोरे बिघडवली. दुसरे, थोडाफार जागतिक सिनेमा पाहिलेल्या धाकट्यांचे : यांतला वास्तववाद पाहा, कॅमेरा पाहा, शैली पाहा. मग चहा येतो आणि विषय संपतो. आम्ही दोघे बरीच वर्षे हा चहा पीत आलो आहोत. आता या दोन्ही विधानांविरुद्ध लेखी तक्रार नोंदवावी असे आम्हांला वाटू लागले आहे.

उदात्तीकरणाचा आक्षेप आधी घेऊ. केवळ हिंसेनेच चित्रपट टिकत असता, तर आपल्याकडे शेकड्यांनी निघालेले सूडपट आज घरोघरी आठवले गेले असते. त्यांत हाणामारी कितीतरी जास्त होती. त्यांची नावेही आता कोणाला सांगता येणार नाहीत. उलट ‘दीवार’ला (१९७५) पन्नास वर्षे झाली, ‘सत्या’ला (१९९८) पाव शतक उलटून गेले, ‘द गॉडफादर’ (१९७२) तर आम्हां दोघांच्याही जन्माआधीचा. आणि तरीही प्रथम वर्षाच्या वर्गात बसलेल्या, ‘सत्या’नंतर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या मुलाला भिकू म्हात्रे ठाऊक असतो. नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर त्याला आम्ही ओळख करून दिल्याशिवाय भेटत नाही. (याचा राग आम्हांलाही येतो, पण रागावणे म्हणजे समीक्षा नव्हे.)

आमचे म्हणणे असे, की मोठ्या गँगस्टरपटाचा गाभा गोळीबारात नसून दाद मागण्याच्या प्रसंगात असतो. एक माणूस खुर्चीत बसलेला आहे. दुसरा त्याच्यासमोर उभा आहे. उभ्या माणसाजवळ एक खरी तक्रार आहे आणि ती ज्यांनी ऐकायची त्यांनी ऐकलेली नाही. ‘द गॉडफादर’ सुरूच होतो तो अशा तक्रारीने. अंत्यविधीचा व्यवसाय करणारा बोनासेरा मुलीवरील अत्याचाराची हकिगत सांगतो. कोर्टात गेलो, आरोपी मोकळे सुटले, म्हणून तुमच्याकडे आलो, असे त्याचे सांगणे. चित्रपटात एकही गोळी सुटण्यापूर्वी आपण डॉनच्या बाजूचे झालेले असतो, कारण बोनासेराची तक्रार आपल्याला पटलेली असते. पुढच्या सगळ्या रक्तपाताला ही पहिली संमती पुरते.

रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकी समीक्षकाचा गँगस्टरला शोकात्म नायक ठरवणारा निबंध १९४८चा. त्याच्यासमोर ‘लिट्ल सीझर’ आणि ‘स्कारफेस’सारखे १९३०च्या दशकारंभीचे चित्रपट होते. यशस्वी होणे हाच अमेरिकेत धर्म, आणि यशस्वी झाल्याबद्दलच गँगस्टर मरतो, असे त्याचे ढोबळ प्रतिपादन. निबंध उत्तम आहे, पण तो जसाच्या तसा उचलून ‘वास्तव’ला लावणारे प्रबंध पाहिले की आम्हांला हसू येते. वॉर्शोचा गँगस्टर एकटा असतो, त्याच्या दाराशी रांग नसते. रांग ‘द गॉडफादर’ने आणली, आणि आपल्याकडचा प्रेक्षक त्या रांगेला आधीपासूनच ओळखत होता.

मराठी विभागांनी ज्या गँगस्टरपटावर हक्क सांगायला हवा होता, तो गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३). मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, नाव दिलीप चित्र्यांच्या कवितेवरून. एका हिंदी चित्रपटात इतके मराठी साहित्य क्वचितच एकवटले असेल. तरीही आमच्याकडे तो ‘पोलिसपट’ म्हणून बाजूला काढला जातो. पोलिसपट तो आहेच. परंतु गँगस्टरपटाचा कणा त्यात जितका स्पष्ट दिसतो तितका इतरत्र दिसत नाही, कारण इथे दरबारात तक्रार घेऊन जाणारा माणूस स्वतः फौजदार आहे. अनंत वेलणकरच्या मारहाणीत कोठडीतला एक भुरटा चोर मरतो. वरिष्ठ हात झटकतात. अखेर ज्या रामा शेट्टीला पकडण्यासाठी त्याने धडपड केली, त्याच्याकडेच त्याला मदत मागायला जावे लागते. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी तोवर निवडणुकीच्या राजकारणात उतरलेला आहे. तो आरडाओरडा करत नाही, त्याला तशी गरजच नाही. समोर उभा राहिलेला वर्दीतला माणूस पाहून त्याला जी गंमत वाटते, ती अमरापूरकरांनी अशी दाखवली आहे की प्रेक्षकाच्या अंगावर काटा यावा.

या प्रसंगाचे धैर्य असे, की वेलणकरची तक्रार स्वच्छ नाही. बोनासेरा निरपराध बाप आहे. वेलणकर स्वतः गुन्हेगार आहे आणि त्याला आपल्या गुन्ह्यातून सुटका हवी आहे. म्हणजे दरबाराचे आकर्षण केवळ नाडलेल्यांना नसते, नाडणाऱ्यांनाही ते असते, हे तेंडुलकर-निहलानी न बोलता सांगून जातात. मग वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. आमच्यापैकी एकाला हा शेवट पळवाट वाटतो, दुसऱ्याला तो एकमेव शक्य शेवट वाटतो. हा वाद आमच्यात आजही मिटलेला नाही.

आता ‘वास्तववाद’वाल्यांकडे वळू. त्यांना ‘सत्या’तली बोली, पाऊस, खोल्या, गल्ल्या दिसतात, त्या चांगल्याच आहेत. पण या चित्रपटांतले खरे वास्तव रोजगाराचे आहे आणि त्याबद्दल ते गप्प असतात. ‘दीवार’मधल्या बापाचे आयुष्य उद्ध्वस्त होते ते कामगारांच्या संपात, विजय गोदीत हमाली करतो आणि हप्त्याला नकार देण्यापासून त्याची वाटचाल सुरू होते. मुंबईत येऊन पोटासाठी मिळेल ते काम धरणारा, इतकीच सत्याची सुरुवातीची ओळख. ‘वास्तव’मधला (१९९९) रघू मित्रांबरोबर पावभाजीची गाडी लावतो. तिथे खायला आलेल्या गुंडाशी झालेल्या मारामारीत त्याच्या हातून माणूस मरतो. गळ्यातली सोनसाखळी तो आईला दाखवतो, तो प्रसंग सर्वांना पाठ असतो. पावभाजीची गाडी कोणाला आठवत नाही. आमच्या मते चित्रपट त्या गाडीवर उभा आहे. रघूला मोठे व्हायचे नव्हते, गाडी चालवायची होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. औपचारिकरीत्या तो कधी मागे घेतला गेला नाही, कामगारांच्या घरांत मात्र तो हरला. त्या घरांतल्या तरुण मुलांचे पुढे काय झाले, हे जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये (१९९७) दाखवले. महेश मांजरेकरांनी त्यावरून ‘लालबाग परळ’ (२०१०) केला, त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. नाटक चाळीतल्या खोलीत घडते आणि बाहेरचे सगळे त्या खोलीवर येऊन आदळते. चित्रपट रस्त्यावर उतरला आणि रस्त्यावर उतरताच त्याला बंदुकांचा मोह आवरला नाही. दादांचा नाका मराठी गद्यात त्याहीआधी आला होता. भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ची. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर झोड उठवली आणि आपण आजतागायत ती कादंबरी ‘अश्लीलतेचा वाद’ या शीर्षकाखाली शिकवतो. नाक्यावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या या पोरांना काम का नाही, हा प्रश्न परीक्षेला आलेला आम्ही पाहिलेला नाही.

हे आम्ही ठाण्यात बसून लिहितो आहोत, आणि ठाणे म्हणजे गिरणगाव नव्हे हे आम्हांला माहीत आहे. परंतु खोपटच्या एसटी आगारापासून वागळे इस्टेट लांब नाही. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची ती पहिली वसाहत, १९६०च्या दशकातली. पोखरण रस्त्यावरची रेमंडची गिरणी २००९मध्ये बंद झाली. तिच्या जमिनीवर आता निवासी मनोरे आहेत. ज्यांच्या वडिलांनी कारखान्यातल्या पाळ्या केल्या, त्यांची मुले आमच्या वर्गात येतात आणि कॉलेज सुटल्यावर डिलिव्हरीच्या कामावर जातात. ही मुले भिकू म्हात्रेची नक्कल करतात तेव्हा ती बिघडली म्हणून हळहळणाऱ्या सहकाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की न बिघडण्याचा मोबदला म्हणून आपण त्यांना नेमके काय देऊ केले आहे?

आणि खोपटहून टेंभी नाका, तिथून कोर्ट नाका, हे सगळे पायी जाण्याच्या अंतरात आहे. कोर्ट नाक्यावर न्यायालय आहे. टेंभी नाक्यावर आनंद आश्रम आहे, जिथे शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे लोकांच्या तक्रारी ऐकत. दिघे २००१मध्ये गेले. त्यांच्यावरचा प्रवीण तरडे यांचा ‘धर्मवीर’ २०२२मध्ये आला, दुसरा भाग २०२४मध्ये. दिघे राजकीय नेते होते, ‘धर्मवीर’ गँगस्टरपट नाही आणि इथे आम्ही त्यांच्या व्यक्तित्वाविषयी काहीही म्हणत नाही. आम्ही साहित्याचे शिक्षक आहोत. आम्हांला रचना दिसते. गाऱ्हाणे घेऊन आलेला सामान्य माणूस, ऐकणारा शांत पुरुष, मग तत्काळ निवाडा : ही रचना ‘द गॉडफादर’मधून ‘नायकन’मध्ये (१९८७) आली, रामगोपाल वर्मांच्या ‘सरकार’मध्ये (२००५) तिने नागरे हे मराठी आडनाव घेतले, आणि नंतर ती चरित्रपटात येऊन बसली. देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबलेली असताना या रचनेला प्रेक्षक मिळणारच. त्या प्रेक्षकाला भाबडा म्हणणे आम्हांला जमणार नाही. तो कोर्ट नाक्यावर जाऊन आलेला असतो.

प्रश्न प्रेक्षकाचा नसून चित्रपटाचा आहे. दरबार दाखवणे सोपे असते. त्या दरबाराची किंमत कोण मोजतो ते दाखवणे अवघड. मणिरत्नमच्या ‘नायकन’मध्ये वेलू नायकर ज्या पोलीस अधिकाऱ्याला मारतो, तो केळकर, म्हणजे मराठी. (मुंबईतल्या तमिळ वस्तीत आपण कसे दिसतो, हे पाहण्यासाठी तरी मराठी प्रेक्षकाने हा चित्रपट पाहावा.) त्या केळकरच्या मुलाला वेलू सांभाळतो, आणि शेवटी तोच मुलगा त्याला मारतो. नातू विचारतो, तुम्ही चांगले की वाईट. वेलूजवळ उत्तर नसते. ‘द गॉडफादर’ संपतो तो मायकेलच्या बायकोच्या तोंडावर बंद होणाऱ्या दाराने. सत्याचा शेवट विद्याच्या दाराशी येऊन होतो. रघूला त्याची आईच गोळी घालते. दरबार भरतो तेव्हा घरातल्या बायकांना बाहेर ठेवलेले असते, आणि हिशेब मात्र त्यांच्याकडे येतो. ‘सरकार’मध्ये हा हिशेब पुसट झाला. ‘धर्मवीर’मध्ये तो मांडण्याची गरजच कोणाला वाटली नाही, तिथे दाद फुकट मिळते.

याच तरड्यांनी चार वर्षे आधी ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) केला होता, म्हणून वाईट वाटते. गावचा पाटील जमीन विकतो, विकलेल्या जमिनीवरच पहारेकरी होतो, पुढे पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करतो, आणि त्याचा मुलगा टोळीत जातो. मोहन जोशींनी केलेला हा बाप म्हणजे गेल्या काही वर्षांतल्या मराठी चित्रपटातले सर्वांत खरे पात्र. चित्रपटाला गाण्यांचा आणि घोषणांचा सोस आहे, मुलाच्या रुबाबावर तो नको तितका रेंगाळतो, हे सगळे मान्य. पण जमिनीचा भाव आणि माणसाचा भाव यांचा संबंध त्यात सुटत नाही. त्याचा हिंदी ‘अंतिम’ (२०२१) मांजरेकरांनी केला, ज्यांनी बावीस वर्षांपूर्वी पावभाजीची गाडी लावली होती. त्यात सलमान खान पोलीस अधिकारी झाला आणि चित्रपटाचा मध्य बापाकडून सरकून त्या अधिकाऱ्याच्या छातीवर गेला. तक्रारदार बाजूला आणि दाद देणारा मध्यभागी! गँगस्टरपट मरतो तो असा, आणि त्या वेळी त्याला कोणी हिंसक म्हणत नाही.

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही एक मागणी करतो. पुढच्या वर्षी ‘साहित्यकृतीचे माध्यमांतर’ शिकवायचे झाले, तर नेहमीच्या कादंबऱ्या जरा बाजूला ठेवा. ‘सूर्य’ ही कथा वाचून घ्या, त्याच आठवड्यात ‘अर्धसत्य’ दाखवा, आणि पटकथेतल्या प्रतीकांवर टिपा लिहायला सांगण्यापूर्वी मुलांना विचारा : रामा शेट्टीच्या दारात जाण्याआधी वेलणकर कोणाकोणाकडे जाऊन आला होता?