प्रेमळ माणसांचा डिस्टोपिया

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, वयाने चाळिशी ओलांडलेले. आमची कुमारवयातली पुस्तके म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि त्याच्या आगेमागे ग्रंथालयातून मिळेल ते. त्या पुस्तकांतले जग मुळात शहाणे असे. कुठेतरी एखादा चोर, एखादा तस्कर त्याची घडी विस्कटी. शेवटी तो पकडला जाई आणि घडी पुन्हा बसे. आमच्या वर्गात बसणारी मुले मात्र वेगळेच काही वाचून येतात. सुझन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८), व्हेरॉनिका रॉथ यांची 'डायव्हर्जंट' (२०११), लोइस लॉरी यांची 'द गिव्हर' (१९९३) ही नावे मराठी वाङ्मयाच्या तासालाही कानावर पडतात. बहुतेकांनी आधी चित्रपट पाहिलेला असतो आणि मग, क्वचित, पुस्तक हाती घेतलेले असते. या कथांमध्ये गुन्हा हा अपवाद नसतो. तोच कायदा असतो. घडी बसवायची म्हणजे ती आधी मोडावी लागते.

आरंभी आम्ही हा सारा प्रकार अमेरिकी थरारकथेचा नवा साज म्हणून बाजूला सारला होता, हे कबूल केले पाहिजे. पुढे एका सुट्टीत 'द गिव्हर' आणि 'द हंगर गेम्स' या दोहोंची पुस्तके व चित्रपट असे दोन्ही आम्ही ठरवून वाचले, पाहिले. आमच्यापैकी एकाने आधी चित्रपट पाहिले, दुसऱ्याने आधी पुस्तके वाचली. दोघांच्या प्रतिक्रिया इतक्या भिन्न झाल्या की, आपण एकाच कथेविषयी बोलत आहोत ना, अशी शंका यावी. चित्रपट पाहणारा संतापला होता. पुस्तक वाचणारा खजील झाला होता. संताप आणि खजीलपणा यांत जे अंतर आहे, त्याविषयी हे टिपण आहे.

'द गिव्हर'मधील समाजात दुःख नाही, भूक नाही, युद्ध नाही. रंगही नाहीत आणि स्मृतीही नाहीत. सगळ्यांच्या वतीने मानवजातीच्या स्मृती सांभाळणारा एकच वृद्ध असतो. बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाला त्याचे काम नेमून दिले जाते, आणि जोनास या मुलाच्या वाट्याला त्या वृद्धाचा वारस होण्याचे काम येते. स्मृती मिळू लागल्यावर त्याला आपल्या समाजाचे खरे रूप दिसू लागते. कथेचा सांगाडा एवढाच. पण या पुस्तकात खलनायक शोधायला गेलो, तर तो सापडत नाही. सापडतात जोनासचे वडील.

हे गृहस्थ अर्भकांच्या संगोपनाचे काम करतात. मनाने हळवे आहेत. एक अर्भक नीट वाढत नाही म्हणून नियम मोडून ते त्याचे ठरलेले नाव चोरून पाहतात. नावाने हाक मारली तर बाळ सुधारेल अशी त्यांची भाबडी आशा असते. परवानगी काढून ते त्याला रात्री घरी आणतात. असा हा माणूस एके दिवशी जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या बाळाला सुई टोचून ठार करतो, आणि ते करताना लाडिक आवाजात त्याचा निरोप घेतो. पुढे ज्या बाळासाठी एवढा जीव टाकला, त्याच्याबाबतही तसाच निर्णय व्हावा म्हणून बैठकीत तेही मत देतात आणि रात्री जेवताना घरच्यांना ते सांगतात. त्यांच्यात दुष्टपणा नाही. त्यांच्यापाशी फक्त एक शब्द आहे : 'रिलीज'.

या शब्दाला मराठीत काय म्हणावे, यावर आम्ही बराच वेळ घालवला. 'मुक्त करणे' म्हणावे तर त्याला अध्यात्माचा सुगंध येतो. 'सोडणे' फारच कोरडे वाटते. मग आठवले की, दीर्घ आजारानंतर कुणी गेले की आपल्याकडे 'सुटला बिचारा' म्हणतात. त्या एका क्रियापदात जाणाऱ्याविषयीची कणव असते आणि मागे राहिलेल्यांची सुटकाही. मृत्यूची धार बोथट करणारे शब्द प्रत्येक भाषा घडवते, आणि ते घडवण्यामागे बहुधा मायाच असते. लॉरी यांची भेदक दृष्टी ही की, त्यांनी हिंसेला लपण्यासाठी नेमकी हीच जागा दाखवली. हा समाज शब्दांच्या काटेकोर वापराविषयी अत्यंत आग्रही आहे. तुमचे माझ्यावर प्रेम आहे का, असे जोनास आईवडिलांना विचारतो, तेव्हा ते हसून त्याचीच चूक काढतात : हा शब्द मोघम आहे, जुनाट आहे, नेमका शब्द वापरावा. इतक्या काटेकोर समाजात एकच शब्द मुद्दाम धूसर ठेवलेला असतो.

आता चित्रपट पाहा. फिलिप नॉइस दिग्दर्शित 'द गिव्हर' २०१४ साली आला. काळ्यापांढऱ्यातून हळूहळू रंगात येणारी त्याची दृश्ये देखणी आहेत, आणि वृद्धाच्या भूमिकेत जेफ ब्रिजेस यांचे थकलेपण मनात राहते. परंतु चित्रपटाला प्रतिपक्ष लागतो, आणि प्रतिपक्षाला चेहरा लागतो. पुस्तकात समाजाची प्रमुख स्त्री मुख्यतः समारंभापुरती येते. जोनासचा क्रम वगळल्यामुळे सभेला जी घालमेल झाली, तिच्याबद्दल ती क्षमाही मागते. चित्रपटात तिच्या जागी मेरिल स्ट्रीप येतात आणि कथाभर सत्तेचा चेहरा होऊन राहतात. पाठलाग आहे, आकाशात ड्रोन आहेत. सर्वांत बोलका बदल फिओनाच्या बाबतीत आहे. चित्रपटात जोनासची ही मैत्रीण व्यवस्थेची बळी ठरू पाहते. तिलाच 'रिलीज' करण्याची शिक्षा होते आणि ऐन वेळी ती वाचते. पुस्तकातली फिओना वृद्धांची सेवा करणारी कोमल मुलगी आहे. आणि वृद्ध स्मृतिधारक जोनासला शांतपणे सांगतो की, वृद्धांना 'रिलीज' करण्याच्या कामात ती आताच तरबेज झाली आहे. एका वाक्यात लेखिकेने आपल्याला आवडलेल्या मुलीच्या हातात सुई दिली आहे. चित्रपटाने ती सुई काढून घेतली.

'द हंगर गेम्स'मध्येही असेच घडते. पॅनेम या देशाची राजधानी दरवर्षी बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा व एक मुलगी उचलते आणि एकच उरेपर्यंत त्यांना परस्परांशी लढवून त्याचा खेळ दूरचित्रवाणीवर दाखवते. दारिद्र्य असे की, धान्य व तेल जादा हवे असेल तर मुलांनी आपले नाव सोडतीत जास्त वेळा टाकावे. पुस्तक प्रथमपुरुषी आहे; कॅटनिसच्या डोळ्यांपलीकडे वाचकाला काही दिसत नाही. पहिल्या भागात राष्ट्राध्यक्ष स्नो जवळजवळ दूरचाच राहतो. जवळ असतात ती वेगळी माणसे. मुलांना राजधानीत नेणारी एफी त्यांच्या जेवणाच्या रीतीचे कौतुक करते आणि गेल्या वर्षीची मुले हातांनी बकाबका जेवल्याची तक्रार करते; त्या मुलांना आयुष्यात कधी पोटभर मिळालेच नव्हते हे कॅटनिसला ठाऊक असते, म्हणून ती उरलेले जेवण मुद्दाम हाताने संपवते. तिला सजवणारे तिघे कारागीर तर निखळ भाबडे. खेळ संपल्यावर ते उत्साहाने त्याच्या गप्पा मारतात. पण अमुक घडले तेव्हा मी कुठे होतो, मला काय वाटले, एवढेच त्यांच्या बोलण्यात असते. मेलेली मुले नसतात. कॅटनिसला त्यांचा द्वेष करता येत नाही, आणि वाचकालाही नाही.

गॅरी रॉस यांच्या २०१२च्या चित्रपटाने कॅटनिसच्या डोळ्यांबाहेर कॅमेरा नेला. खेळाचे नियंत्रणकक्ष दिसू लागले, गुलाबांच्या बागेत स्नो खेळाच्या प्रमुखाला सत्तेचे गणित समजावू लागला. डोनाल्ड सदरलंड यांनी ते काम अप्रतिम केले आहे. पण राग धरायला एक नेमका माणूस मिळाला, आणि सजवणाऱ्या त्या तिघांना पडद्यावर फारशी जागा उरली नाही. एफी चित्रपटातही आहे. परंतु तिच्या विचित्र पोशाखाकडे पाहत आपण तिला हसतो आणि आपण तिच्यासारखे नाही म्हणून निश्चिंत होतो.

येथे आमच्यातल्या चित्रपटाची बाजू घेणाऱ्याचे म्हणणे नोंदवणे न्याय्य होईल. मे २०१४मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा निषेध करणाऱ्यांनी याच कथेतली तीन बोटे उंचावण्याची खूण उचलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांसमोर ती खूण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या रस्त्यांवरही तीच बोटे दिसली. खूण पुस्तकातली असली तरी ती जगभर गेली पडद्यावरून. जुलमाला चेहरा दिला म्हणून तर चेहऱ्यासमोर बोटे उंचावता आली, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो आम्हांला मान्य आहे. जेथे रणगाडे रस्त्यावर आहेत, तेथे चित्रपटाचीच गोष्ट खरी आहे.

पण प्रत्येक ठिकाणी रणगाडा नसतो. स्टाफरूममध्ये तर नसतोच. आणि आमच्या खजीलपणाचे मूळ तिथे आहे.

'द गिव्हर'च्या त्या समारंभात जोनासचा मित्र अ‍ॅशर याची एक जुनी गंमत सांगितली जाते. तीन वर्षांचा असताना तो खाऊ मागताना शब्द चुकवायचा. 'स्नॅक'ऐवजी 'स्मॅक' म्हणायचा, आणि त्या शब्दाचा अर्थ फटका. मग दर वेळी त्याला शिस्तीच्या छडीचा फटका मिळे. मारून मारून पायांवर वळ उठले आणि काही काळ त्याने बोलणेच सोडले. पुढे बोलू लागला तो अचूक. प्रमुख स्त्री हे मायेने सांगते, आणि सारे सभागृह हसते. अ‍ॅशरही हसतो.

हे पान वाचताना आम्हांला एक उत्तरपत्रिका आठवली. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने चाचणीत कथेतील वातावरणनिर्मितीवर चार पाने लिहिली होती. 'व्हता', 'न्हाई', 'म्हंजी' असे सगळे त्याच्या घरच्या बोलीत. मुद्दे त्याचे स्वतःचे होते. कथेतल्या ओसाड विहिरीची तुलना त्याने आपल्या गावच्या विहिरीशी केली होती. आम्ही ती पाने स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली आणि सगळे हसले. त्यात द्वेष अजिबात नव्हता. 'गोड पोरगा आहे' असेही कुणीतरी म्हणाले. मग आम्ही लाल शाईने प्रत्येक शब्द सुधारला, त्याला बोलावून आपुलकीने प्रमाणलेखनाचे महत्त्व समजावले आणि एक मार्गदर्शक पुस्तक सुचवले. तो आज्ञाधारक होता. वर्षअखेरीच्या त्याच्या उत्तरांत एकही चूक नव्हती. दीड-दीड पानाची उत्तरे, आणि विहीर कुठेही नव्हती. तेव्हा आम्ही याला प्रगती समजलो होतो.

प्रमाणभाषा शिकवू नये, असे आम्ही म्हणत नाही. ती न शिकवणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय झाला असता. प्रश्न आमच्या हसण्याचा आहे, आणि आमच्यापाशी असलेल्या शब्दांचा. 'सुधारणा' हा आमचा शब्द. पट कमी म्हणून एखादी शाळा बंद होते तेव्हा कागदावर 'समायोजन' येते. दहावीच्या गुणांवरून मुलांची वाटणी होते तेव्हा तिला 'कल' म्हणतात. ज्याला कुठेच प्रवेश मिळाला नाही त्याचा कल कलाशाखेकडे आहे, असे आपण पालकांना सांगतो, आणि पुढे तो आमच्या वर्गात येऊन बसतो. यांतला एकही शब्द दुष्ट माणसाने घडवलेला नाही.

१९९०च्या दशकात 'द गिव्हर' शाळांतून काढून टाकावी अशी मागणी अमेरिकेत अनेक ठिकाणी झाली. मागणी करणारे बहुतेक पालक होते आणि मुलांना दुःखद गोष्टींपासून वाचवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. जोनासच्या समाजानेही स्मृती नेमक्या याच हेतूने कुलूपबंद केल्या होत्या. हा विरोधाभास त्यांच्या ध्यानी आला नसेल, याचे आम्हांला आता नवल वाटत नाही. आमच्याही आला नव्हता.

या कादंबऱ्यांना 'यंग अडल्ट' म्हणून किशोरांच्या कपाटात ठेवले जाते. आमचे मत असे झाले आहे की, त्या किशोरांनी वाचाव्यात हे ठीकच. परंतु त्यांची खरी गरज त्यांच्या वडिलांना आणि शिक्षकांना आहे. किशोर वाचतो तेव्हा तो जोनास असतो, कॅटनिस असते. त्याचे तेच असणे योग्य आहे. चाळिशीतला वाचकही स्वतःला जोनासच समजून पुस्तक मिटतो, आणि तेथे त्याची फसगत होते. चित्रपट या फसगतीला मदत करतो; तो आपल्याला एक स्नो देतो, एक करारी प्रमुख देतो आणि निर्दोष करून घरी पाठवतो. पुस्तक विचारत राहते की, समारंभात तुमची खुर्ची कोणती होती.

यंदा चाचणीच्या पेपरांत पुन्हा एक 'व्हता' आढळला. आम्ही त्याखाली रेघ मारली, समासात प्रमाणरूप लिहिले, आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : 'तुमच्याकडे हा शब्द आणखी कसा वापरतात, वर्गात सांगावे.' याने फार काही होईल असा आमचा दावा नाही. उत्तरपत्रिका मोठ्याने वाचली नाही, इतकेच.