भयकादंबरी : वाचकांचे भांडण आणि समीक्षेचे मौन

मराठी समीक्षेने नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्यांविषयी फारसे लिहिले नाही. लिहिले ते त्यांच्या वाचकांनी, आणि तेही पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर. भिलईतल्या मराठी घरांतून फिरून खिळखिळी झालेली ‘लुचाई’ची एक प्रत माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत तीन अभिप्राय आहेत. पहिल्या वाचकाला पुस्तक संपल्यावर दिवा मालवण्याचे धैर्य झाले नाही. दुसऱ्याने ही सारी इंग्रजीची उचल आहे असे सांगून वर दोन उद्गारचिन्हे दिली आहेत. तिसऱ्याने, अक्षरावरून ती बाई असावी, असले पुस्तक घरात ठेवू नये, आपण कोणत्या मुलखात राहतो याचे भान ठेवावे, असे बजावले आहे.

माझे म्हणणे असे की, एका मराठी भयकादंबरीविषयी विचारण्याजोगे जवळजवळ सगळे या तिघांनी विचारले आहे. आमच्या समीक्षकांनी मात्र ‘रंजनपर वाङ्मय’ असा एक कप्पा करून तीत धारपांना ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली कुठे ठेवली तेही ते विसरले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचे भाग्य थोडे बरे. पण साहित्य अकादमीचा २०१८ चा पुरस्कार त्यांना मिळाला तो बालसाहित्यासाठी. तो योग्यच होता. तरीही ‘खेकडा’ आणि ‘गहिरे पाणी’ वाचून वाढलेल्या पिढीला तो काहीसा वळसा घालून दिल्यासारखा वाटला असेल, तर तिला दोष देता येणार नाही.

पहिल्या वाचकाच्या भीतीला बालिश म्हणणाऱ्यांनी आपल्याच काव्यशास्त्राकडे एकदा पाहावे. भरताने सांगितलेल्या आठ रसांत भयानक आहे. रसानुभव म्हणजे काय हे उलगडताना अभिनवगुप्ताने उदाहरण घेतले ते कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील पळत्या हरिणाचे, म्हणजे भयाचेच. हे हरीण भ्यालेले आहे, मी भ्यालेलो आहे, माझा शत्रू भ्यालेला आहे असे कोणतेही ‘मी-तू’पण तिथे उरत नाही, देशकालाचे बंधन गळून केवळ भय प्रतीत होते. ज्या परंपरेत साधारणीकरणाचा हा पाठ भयाच्या साहाय्याने दिला गेला, त्या परंपरेचे वारस भयकथेचे नाव काढताच नाक मुरडतात, हे नवल आहे.

दुसऱ्या वाचकाचा आक्षेप खरा आहे आणि तरीही अपुरा आहे. ‘लुचाई’चा सांगाडा स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’चा आहे, हे जाणत्या वाचकांनी केव्हाच ओळखले, ‘शपथ’चे नातेही त्याच लेखकाच्या ‘इट’शी सांगितले जाते. अशा ऋणाची नोंद पुस्तकाच्या पहिल्या पानावर असावी, ही मागणी मी बिनशर्त मान्य करतो. पण ‘सालेम्स लॉट’ हा तरी काय, ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ला अमेरिकेतल्या लहान गावात आणून वसवण्याचा प्रयोग होता. स्टोकरपूर्वी ल फानूची ‘कार्मिला’ होती. देवलांचा ‘झुंझारराव’ ऑथेल्लोच्या घरून आला, ‘संशयकल्लोळ’ फ्रान्समधून इंग्लंडमार्गे आला, आणि त्यांना आपण आपल्या रंगभूमीचे भूषण मानतो. म्हणून प्रश्न उसनवारीचा नाही. उसने आणलेले झाड इथल्या मातीत रुजले की नाही, हा आहे. भिलईतला पहिला वाचक दिवा लावून बसला, यात त्याचे अर्धे उत्तर आहे.

अर्धे अशासाठी की, भिलई हे गाव भुतांना मुळीच सोयीचे नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून हा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भोवती क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आखले गेले, त्यांत एकासारखे एक क्वार्टर. इथे पडका वाडा नाही, परसातली विहीर नाही, अंधारे माजघर नाही. कारखाना तर रात्रभर जागा असतो. विदर्भातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे अशा घरांत नागपूरहून आणलेली पुस्तके वाचत आणि भीत. तेव्हा भय हे वाड्याच्या वाशांना लटकलेले नसते. जिथे शेजारी कालपर्यंत अनोळखी होता आणि उद्या त्याची बदली व्हायची आहे, अशा वसाहतीत ‘नव्याने राहायला आलेला तो कोण?’ हा प्रश्न कोकणातल्या गावापेक्षा अधिक टोचतो.

आणि इथेच तिसरे हस्ताक्षर आडवे येते. तिच्या वाक्याने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. सेक्टरांच्या हद्दीबाहेर, ज्या खेड्यांतून कारखान्याला माणसे मिळाली त्यांच्या बोलीत ‘टोनही’ हा शब्द आहे. टोनही म्हणजे चेटकीण. पण पुस्तकातली नव्हे. एखादे मूल दगावते, गुरे मरतात, कुणाचा ताप उतरत नाही, आणि गावातल्या एखाद्या बाईकडे, बहुधा एकट्या किंवा विधवा बाईकडे, बोट दाखवले जाते. पुढे तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, कधी तिचा जीव जातो. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले आणि पाचच वर्षांत, २००५ साली, त्याला टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरवणे हाच त्यात गुन्हा आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा होण्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले, आणि तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. अशा मुलखात ‘चेटकीण’ हे नाव मुखपृष्ठावर मिरवणारी धारपांची कादंबरी दिवाणखान्यात ठेवणे एखाद्या शिक्षिकेला रुचले नाही, तर ‘अहो, ते नुसते मनोरंजन आहे’ असे म्हणून तिची बोळवण करता येणार नाही. धारपांचे चाहते नेमके तेच करतात. ज्या पुस्तकाने आपली झोप उडवली असे ते अभिमानाने सांगतात, तेच पुस्तक निरुपद्रवी आहे अशी ग्वाहीही देतात. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही.

तिच्या आक्षेपाला मी पुढचे टोकही जोडतो. रक्तपिपासूच्या कथेचा घाटच मुळी असा की, ओळखीचा शेजारी ‘त्यांच्यातला’ झालेला असतो आणि त्याला नष्ट करणे हे सज्जनांचे कर्तव्य ठरते. किंगच्या कादंबरीचा शेवट गावाला आग लावण्यात होतो. खेड्यातल्या जमावाचे तर्कशास्त्र याहून फार निराळे नसते.

तरीही पुस्तक घराबाहेर काढावे, या तिच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. कादंबरीत वाचकाला पुरावा मिळतो. रक्त त्याने स्वतः पाहिलेले असते; लेखकाने त्याला अशा जागी उभे केलेले असते की शंकेला वाव उरत नाही. प्रत्यक्षात अशी जागा कुणालाच मिळत नाही. तिथे असतो तो केवळ संशय. या दोहोंतला फरक ज्याला कळतो तो कादंबरी मिटून झोपी जातो, किंवा दिवा लावून जागा राहतो; शेजारणीच्या दारावर जात नाही. टोनहीचे बळी घेणारे हात कादंबऱ्या वाचून उठलेले नसतात. पण हा फरक शिकवण्याचे काम कुणाचे? समीक्षेचे. आणि समीक्षा तर किल्ली हरवून बसली आहे.

भिलईपासून चाळीसएक किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. १९६४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र हे मराठीतले कवी आणि कादंबरीकार. गजाननरावांनी मात्र हिंदीत लिहिले. त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत ओस पडलेल्या बावडीत एक पिशाच आहे, ते अंग घासघासून धूत राहते आणि त्याचा मळ काही जात नाही. हा ब्रह्मराक्षस मराठी आजीच्या गोष्टीतलाच. त्याला अंधश्रद्धा म्हणण्याची हिंमत हिंदीत कुणी केली नाही; उलट आधुनिक बुद्धिजीवीची प्रतिमा म्हणून त्यावर पानेच्या पाने लिहिली गेली. ती लिहिली गेली म्हणूनच वाचकाला समजले की, हे भय शेजारच्या बाईचे नसून आपल्याच विद्वत्तेचे आहे. कविता मोठी आहेच. पण तिच्यातल्या भुताला वाचक मिळाले ते असे.

धारपांच्या पुस्तकांतले भय कुणाकडे बोट दाखवते, हे आजवर कुणी तपासलेले मला दिसले नाही. माझा कयास असा की त्यांची काही पुस्तके या कसोटीला उतरतील आणि काही उतरणार नाहीत; ज्या कथांत शेवटी कुणी अधिकारी पुरुष येऊन सारे अरिष्ट निवारतो, त्या मला आजही फसव्या वाटतात, कारण घाबरलेल्या गावाला हवा असतो तोही असाच एक बैगा. २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. त्याच्या आरंभीच्या भागामागे धारपांची ‘आजी’ ही कथा आहे असे समजल्यावर काही मराठी नियतकालिकांना धारप आठवले. कौतुकाचे लेख आले. ‘आजी’विषयी त्यांत दोन ओळी होत्या, चित्रीकरणातल्या पावसाविषयी दोन परिच्छेद.

माझ्याकडच्या प्रतीवर तिसऱ्या अभिप्रायाखाली दोन बोटे जागा शिल्लक आहे. पुस्तक पुन्हा फिरायला द्यायचे आहे. त्याआधी त्या बाईंना उत्तर लिहावे म्हणून बसलो, तर ते एवढे लांबले.