गुडघे का झिजतात?

‘गुडघ्यातील वंगण संपले, आता काय करावयाचे!’ हे उद्गार आपण घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकले असतील. कदाचित स्वतः काढलेही असतील. गुडघा म्हणजे जणू गाडीचा आस, जितका फिरेल तितका झिजणार, अशी ही समजूत आहे. मग उरलेले गुडघे पुरवून वापरावेत म्हणून आजी देवळात जाणे सोडतात, आजोबा अंगणाबाहेर पडत नाहीत, आणि वर्षभरात दोघांचेही चालणे अधिकच अवघड होऊन बसते. ही समजूत कोठे चुकते, ते आज पाहू.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत व चिवट असे आवरण असते. त्यास कूर्चा म्हणतात. गुडघ्यात तिची जाडी बहुतांशी अवघी २ ते ४ मिलिमीटर. तिचा बराच मोठा भाग पाण्याचा असतो. कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी आणि त्या जाळीत पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकन यांच्या बळावर ती दाब सोसते. जिवंत पेशी मात्र फार थोड्या, घनफळाच्या शेकडा पाचांहूनही कमी. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. म्हणूनच तिची हानी होऊ लागली तरी आरंभी काही कळत नाही. पेशींना अन्न मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि चालताना दाब पडतो व सुटतो तेव्हा ते आत झिरपण्यास साहाय्य होते. गाडीचा आस फिरल्याने पोसला जात नाही. गुडघा पोसला जातो.

या मूठभर पेशी म्हणजे कूर्चेचे गवंडी होत. डागडुजीचे काम त्यांचेच. मग मोडतोड कोण करते? या प्रश्नावर ऑनर फेल आणि आर. डब्ल्यू. जब यांनी केंब्रिज येथे केलेला व १९७७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग फार बोलका आहे. डुकराच्या सांध्यातील कूर्चेचे तुकडे आणि सांध्याच्या आतील अस्तराचे तुकडे त्यांनी एकाच पात्रात, परंतु एकमेकांना शिवणार नाहीत असे ठेविले. तरीही काही दिवसांत कूर्चेतील भराव नाहीसा होऊ लागला. ज्या तुकड्यांतील पेशी आधीच मारून टाकल्या होत्या, त्यांना मात्र काही झाले नाही! म्हणजे अस्तर दुरून कूर्चा खात नव्हते. ते निरोप धाडीत होते, आणि तो ऐकून कूर्चेच्या जिवंत पेशीच आपले घर मोडीत होत्या.

हा निरोप वाहणाऱ्या द्रव्यास प्रथम ‘कॅटाबोलिन’ हे नाव मिळाले. ते इंटरल्यूकिन-१ या प्रथिनाचेच एक रूप असल्याचे जेरेमी साकलातवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखविले. शरीरात दाह सुरू झाल्याची दवंडी पिटणे, हे या प्रथिनाचे काम. ते पेशीच्या पृष्ठभागास चिकटले, की आत एकामागून एक खुणा होत जातात. अखेर एनएफ-कप्पा-बी नावाचा घटक पेशीच्या केंद्रकात शिरतो. हा घटक रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली दाखवून दिला. तो अनेक जनुके जागी करतो. मग पेशी ॲग्रिकन व कोलॅजेन तोडणारी विकरे बनवू लागते आणि नवी उभारणी मंदावते. तुटलेल्या कूर्चेचे अंश अस्तरास पुन्हा चिडवितात, व पुन्हा निरोप सुटतात. ऑस्टिओआर्थ्रायटिस या विकारात हेच चक्र मंदपणे, वर्षानुवर्षे चालते.

शरीरातील मेदही असे निरोप धाडतो. स्थूल व्यक्तींच्या हाताच्या बोटांनाही हा विकार अधिक होतो; हातांवर तर कोणी चालत नाही!

मग निरोपच अडविला तर? इंटरल्यूकिन-१ ला रोखणारी औषधे या रुग्णांवर तपासून पाहिली गेली. अपेक्षित गुण आला नाही. निरोपे अनेक आहेत, हे त्याचे एक कारण असावे. कूर्चा पुन्हा उगविण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर पैसा घालवू नये, असे आम्हांस वाटते.

जे आपल्या हाती आहे ते साधे आहे. वजन १ किलोने घटले तर दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. सपाट रस्त्यावर रोज बेताने चालावे. खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करावा, क्षणभर धरावा, सावकाश खाली आणावा. मांडीचे स्नायू बळकट झाले म्हणजे सांध्यास आधार मिळतो. वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेऊ नयेत; त्यांपैकी अनेकांचा पोटास व मूत्रपिंडास उपद्रव होतो. सकाळी सांधे तासभर आखडून राहत असतील, तर तो बहुधा निराळ्या प्रकारचा संधिवात असतो व त्याचे उपचारही निराळे. आणि गुडघा एकाएकी सुजून लाल व गरम झाला, अंगात ताप भरला, तर ती झीज समजून घरी न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.