बेडकाची जात नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही

पूर्वपक्ष असा: बेडूक तो बेडूक. रंग पाहावा, बोटांमधले पडदे पाहावेत, डरावणे ऐकावे आणि नाव द्यावे. पेशी काढून डीएनए तपासणे म्हणजे एका जातीच्या चार जाती करून शोधनिबंध वाढवण्याचा उद्योग. हा आक्षेप मला मुळातच चुकीचा वाटतो.

वर्षाचा बराच काळ मातीत गाडून घेणारा आणि पहिल्या मोठ्या पावसाला वर येणारा गुबगुबीत बेडूक घ्या. पश्चिम भारतात त्याला दीर्घकाळ 'स्फिरोथेका ब्रेव्हिसेप्स' म्हटले गेले. श्नायडरने १७९९ साली हे नाव दिले ते तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या बेडकाला. इकडचा बेडूक तसाच दिसतो, एवढ्या आधारावर ते नाव त्यालाही चिकटले. २०१७ साली आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी शरीराची मापे घेतली, मायटोकॉन्ड्रियातील जनुकांचे क्रम ताडून पाहिले आणि इकडच्या बेडकाचे 'स्फिरोथेका पश्चिमा' म्हणून वेगळे वर्णन केले. याला जात फोडणे कसे म्हणणार? वेगळेपण आधीपासून होतेच, आपली यादी कच्ची होती. शिवाय रंग-नक्षीच्या फरकामुळे दोन नावे मिळालेले बेडूक एकच निघाले, तर त्यातले जादा नाव रद्द करण्याचा आधारही हीच तपासणी देते.

'आवाज पुरेसा आहे' हा आक्षेप अधिक वजनदार आहे. उत्तर अमेरिकेतले दोन करडे वृक्षबेडूक दिसायला हुबेहूब सारखे. एकाची गुणसूत्रे २४, दुसऱ्याची ४८. त्यांच्या ओरडण्याच्या लयीत फरक आहे आणि माद्या त्यावरूनच आपला नर ओळखतात. आवाजाचे हे मोल मला मान्यच आहे. पण ही साद घालतो नर, तीही विणीच्या हंगामात, आणि तिची लय तापमानाप्रमाणे बदलते. मादीचे काय? डबक्यातल्या भैरवमाशाचे काय? भारताने १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. चोरट्या व्यापारात पकडलेली सोललेली तंगडी कोणत्या बेडकाची, हे कोणता आवाज सांगणार? तिथे डीएनएच बोलतो.

'यासाठी बेडूक मारावे लागतात' हेही अर्धेच खरे. नव्या जातीच्या वर्णनासाठी संग्रहालयात नमुना ठेवावा लागतो. पुढच्या ओळखीला तोंडातून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या पेशी पुरतात.

मात्र दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही सुनावले पाहिजे. एका जनुकात तीन टक्के फरक दिसला की नवी जात, असा हिशेब मांडणे हे शास्त्र नव्हे. मायटोकॉन्ड्रिया केवळ आईकडून येतात. युरोपातला खाद्य बेडूक दोन जातींच्या संकरातून झाला आहे. नुसते त्याचे मायटोकॉन्ड्रिया पाहिले तर तो संकर कळणारच नाही. म्हणून केंद्रकातील जनुके, शरीर, आवाज आणि मूळ नमुन्याचे ठिकाण ही सगळी साक्ष एकत्र हवी. २०१९ साली उत्तर सह्याद्रीतून वर्णन झालेल्या एका बेडकाला 'मराठी' हे नाव मिळाले, तेही नुसत्या जनुकांच्या बळावर नव्हे.

हे काम आता घाट उतरून पूर्वेला आले पाहिजे. महाराष्ट्रातल्या नव्या बेडकांची वर्णने प्रामुख्याने सह्याद्रीतून येतात. आंबोलीचा 'इंडिराना चिरवासी' २०१४ चा. इकडे नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या केळीच्या आणि हळदीच्या रानात इसापूरच्या कालव्याचे पाणी खेळते, काळ्या मातीत बेडूक आहेत, त्यांच्यावर फवारणीही होते. दूरवर पसरलेल्या जातीचे नाव लावले की बेडूक सुरक्षित समजला जातो आणि त्याच नावाखाली दडलेली, छोट्या टापूतली जात कोणाच्या हिशेबात येत नाही.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: येत्या पावसाळ्यात रीतसर परवानगी घेऊन अर्धापूरच्या शिवारात उतरा. आवाज ध्वनिमुद्रित करा, मापे घ्या, पेशी घ्या, गावाचे नाव आणि तारीख लिहा, आणि मिळालेले जनुकीय क्रम सर्वांसाठी खुले ठेवा.