ठेका आमचा, शब्द कुणाचे?



उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमचा किशोरवयीन मुलींचा गट शनिवारी जमतो. गेल्या पावसाळ्यात तिथे एक मुलगी मोबाईलवर रॅप लावून नाचत होती. ठेका असा की बसल्या जागी पाय हलावेत. आम्ही कार्यकर्त्याही माना डोलावू लागलो. मग शब्द कानावर आले. गाडी, घड्याळ, सोन्याची साखळी, आणि त्याच यादीत बाई. मी म्हटलं, "बंद कर ते." म्हटलं आणि माझीच मला लाज वाटली, कारण हेच वाक्य तिचा भाऊ तिला रोज ऐकवतो. ती शांतपणे म्हणाली, "ताई, शब्द सोडा, ठेका बघा."

म्हणून ठेका बघितला. या ठेक्याचं मूळ फंक संगीतात आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांमधून ते 1960 नंतर पुढे आलं आणि जेम्स ब्राउन हे त्यातलं मोठं नाव. बास गिटार आणि ड्रम पुढे, आणि सगळा भार पहिल्या मात्रेवर. आपण सम म्हणतो ना, तसं काहीसं. ब्राउनच्या 1970 च्या 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्डचा ठेका पुढे शेकडो रॅप गाण्यांत उचलला गेला, पण स्वामित्वधन त्याच्या वाट्याला जवळपास आलंच नाही. घरी बसून पीसवर जीन्सचे धागे कापणाऱ्या आमच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

हिप हॉपचा जन्म 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला असं मानतात. सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. त्यासाठी तिने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क. फंकच्या रेकॉर्डमधला नुसता ठेक्याचा तुकडा लांबवत न्यायची युक्ती त्याची. आज भावाला हिप हॉपचा जनक म्हणतात. पार्टी ठरवणारी, दर लावणारी बहीण मात्र तळटीपेत. (आपल्याकडच्या सभांच्या सतरंज्या कुणी घातल्या, हा विषय आज नको.)

आम्ही मुलींना मुद्दाम ऐकवलं ते 'द सीक्वेन्स' या तिघींच्या गटाला. दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया शहराच्या चेरिल कुक, ग्वेंडोलिन चिझम आणि अँजी ब्राउन. तिथे एका कार्यक्रमाच्या वेळी त्या थेट रंगमंचामागे गेल्या आणि शुगर हिल कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सनला गाऊन दाखवलं. 1979 मध्ये त्यांचं 'फंक यू अप' आलं, 1980 मध्ये पूर्ण अल्बम. सगळा फंकवर उभा. खरं सांगायचं तर मी थोडी निराश झाले. त्यात क्रांतीबिंती काही नाही. आपण कशा दिसतो, कशा नाचतो, आपल्यासारख्या आपणच, अशी बढाई.

मुलींना मात्र नेमकं तेच आवडलं. विचार केल्यावर मलाही उमगलं. आमच्या वस्तीतली मुलगी चारचौघांत स्वतःची बढाई कधी मारते? यमक जुळवायला ती लहानपणापासून शिकलेली असते, पण उखाणा संपतो तो नवऱ्याच्या नावावर. आम्ही त्या दिवशी स्वतःच्या नावाचा उखाणा घ्यायला सांगितलं. निम्म्या मुलींना दहा मिनिटं काही सुचेना. नंतर थांबवता थांबेनात.

आपल्याकडे हे बीज नवं नाही. आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डक, एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात ही परंपरा आहेच. 'स्वदेशी' या मुंबईच्या गटाने 2019 मध्ये 'द वारली रिव्होल्ट'मधून आरेच्या जंगलाबद्दल मराठीत रॅप केलं, 2020 मध्ये 'चेतावनी' हा अल्बम काढला. 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा मुंबईतला फक्त मुलींचा गट अनेक भाषांत रॅप करतो. आणि एप्रिल 2023 मध्ये सत्ताधाऱ्यांवर रॅप केलं म्हणून राज मुंगासे या तरुणावर गुन्हा दाखल झाला, तो आपल्या अंबरनाथमध्येच. म्हणजे शब्दांना वजन आहे, हे सरकारलाही कळतं. फरक इतकाच की मुलाला पोलिसांची भीती, मुलीला आधी घराची, मग गल्लीची, पोलीस फार नंतर.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची बातमी आली, 20 तारखेला लोकांनी तासन्‌तास रेल्वे रोखली. त्या संतापाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यानंतर आमच्या गटातल्या मुलींचं काय झालं, ते कुणी लिहिलं नाही. दोघींचे संध्याकाळचे क्लास बंद झाले. एकीला सातनंतर दुकानावर जायची मनाई झाली. भावांच्या वेळा होत्या तशाच राहिल्या. याच विषयावर त्या नाचणाऱ्या मुलीने आता रॅप लिहिलं आहे. गुन्हा करणारे दुसरेच आणि घरात कोंडलं आम्हाला, असा त्याचा आशय. ठेका तिने तोच ठेवलाय.

सरावाला हॉल मागायला आम्ही एका मंडळाकडे गेलो. मुलांच्या नाचाच्या गटाला तो नेहमी मिळतो. आम्हाला सांगितलं, "मुली माइकवर काय बोलणार ते आधी लिहून द्या." लिहून दिलं नाही.

आमच्या ज्येष्ठ मैत्रिणींपैकी काहींना हे सगळं बाजारू वाटतं. परदेशी गोंगाटाऐवजी आपली गाणी शिकवा, असं त्या म्हणतात. त्यांच्या शंकेत तथ्य आहे. ज्या गाण्यांत बाईला शिवी आहे ती गाणी चांगल्या ठेक्यामुळेच घराघरांत शिरतात, आणि मुलींच्या ओठांवरही बसतात. यावर गटात अजून एकमत नाही. ज्येष्ठांची पत्रं आणि मुलींची उत्तरं, दोन्ही पुढच्या अंकात छापू. जागेचं म्हणाल तर सध्या एका सभासद बाईंच्या गच्चीवर दुपारी चारला सराव चालतो. खालच्या मजल्यावरचे काका रात्रपाळी करून झोपलेले असतात, म्हणून स्पीकर हळू ठेवतो. अंबरनाथ-बदलापूरकडे कुणाकडे मोकळी खोली असेल तर कळवा.