मंडळीत जायचं कशासाठी?

"आत्या, मोबाईलवर एकापेक्षा एक उपदेश ऐकायला मिळतात. मग रविवारी उठून देवळात जायचं कशासाठी?" पुण्यातला माझा भाचा हे नेहमी विचारतो. प्रश्न रास्त आहे. मुलं नोकरीसाठी शहरात जातात, तिथल्या चर्चमध्ये नाव घालत नाहीत, आणि गावाकडच्या रजिस्टरात त्यांचं नाव नुसतं पडून राहतं. आम्हा ख्रिस्ती लोकांत हे घरोघरी चाललंय.

उपदेश ऐकणं एवढंच कारण असतं, तर मी भाच्याचं ऐकलं असतं. लहान मंडळीत पाळकसाहेबांचा उपदेश दर रविवारी रंगतोच असं नाही. पण मराठी बायबलात चर्चसाठी शब्द आहे 'मंडळी'. मंडळी म्हणजे माणसं! इमारत नव्हे, आणि व्याख्यान तर नव्हेच.

ही माणसं आपण निवडलेली नसतात, हेच मला महत्त्वाचं वाटतं. मित्र आपण आवडीचे जोडतो. मंडळीत मात्र बेसूर गाणारे काका, कुरकुर करणाऱ्या आजी, वर्गणी न देता हिशेब मागणारे गृहस्थ, सगळे एकाच बाकावर. त्यांच्याबरोबर एकाच भाकरीतला तुकडा घ्यायचा. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा धडा घरी एकट्याने बसून कसा गिरवणार? वारकरीसुद्धा पंढरीला एकटा जाऊ शकतो, तरी तो दिंडीत चालतो. ते का, हे त्याला विचारा.

"पण मंडळीत भांडणं किती!" हा पुढचा आक्षेप. खरंच आहे. जमिनीचे वाद, निवडणुकीचे वाद, कुठेकुठे जातीची जुनी अढीसुद्धा. पण हे आजचं नाही. पौलाची बहुतेक पत्रं एकेका गावच्या मंडळीला लिहिलेली आहेत. करिंथमध्ये तर गट पडले होते, आणि प्रभुभोजनाच्या वेळी कुणी उपाशी तर कुणी पिऊन तर्र! पौलाने त्यांची चांगली कानउघाडणी केली, पण आपापल्या घरी वेगवेगळी उपासना करा असं काही सांगितलं नाही.

आपले रेव्हरंड टिळकही मिशनच्या चाकोरीला कंटाळले होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पण म्हणून ते एकटे राहिले का? नाही. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा. जुनी चौकट अपुरी वाटली, म्हणून त्यांनी आणखी मोठी मंडळी मांडली.

२०२० साली देवळं बंद झाली, तेव्हा मोबाईलवरच्या उपासनेने मोठा आधार दिला. ते उपकार विसरू नयेत. अंथरुणाला खिळलेल्यांना आजही तोच आधार आहे. पण माणूस गेलं की खांदा द्यायला पडदा येत नाही. तुम्ही दोन रविवार दिसला नाहीत, तर तो उपदेशक विचारायला येत नाही; त्याला तुम्ही ठाऊकच नसता. मंडळीत मात्र कुणीतरी दारात येऊन म्हणतं, "काय बाई, बरं आहे ना?"

आणि उलट बाजूही बघा. तुम्ही गेला नाहीत, तर दुसऱ्याच्या दारात जाणारं एक माणूस कमी होतं. भाच्याला मी एवढंच सांगते, "तुला तिथे काय मिळतं हे नंतर बघू. तू राहतोस तिथल्या मंडळीत आधी नाव तर घाल. तिथे कुणाला तरी तुझी गरज असेल."

तुम्हाला काय वाटतं?