घरी बांधलेल्या विमानातला ठिपका: त्यावर किती विश्वास ठेवायचा?

विमान घरी बांधता येतं, हे कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्याला दाखवलंय. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेलं विमान २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं. अमेरिकेत तर अशी हजारो 'होमबिल्ट' विमानं आहेत. आणि तिथे नुकताच एक मोठा बदल झालाय.

नेमकं काय बदललं?

जुलै २०२५ मध्ये तिथल्या विमान नियामकाने, म्हणजे एफएएने, 'मोझॅक' नावाचे नियम जाहीर केले. स्पोर्ट पायलट या सोप्या परवान्यावर आधी साधारण ६०० किलोपर्यंतचीच विमानं उडवता यायची. २२ ऑक्टोबर २०२५ पासून ही अट गेली. आता बघतात ती स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत तो वेग. फ्लॅप न उघडता तो ५९ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १०९ किलोमीटरपर्यंत चालतो.

त्यामुळे दुसऱ्याने बांधलेलं, जास्त वेगवान विमान विकत घेणारे नवे पायलट वाढतील, असं मला वाटतं. म्हणूनच फ्लॅप आणि ट्रिम इंडिकेटर समजून घ्यायला हवेत.

हे काम कसं करतात?

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा खाली झुकणारा भाग. त्यामुळे विमान कमी वेगातही हवेत राहतं. ट्रिम ही शेपटीवरची छोटी पट्टी. ती नीट लावली की पायलटला स्टिक सतत ओढून धरावी लागत नाही. बऱ्याच होमबिल्टमध्ये ही पट्टी छोटी मोटर हलवते. मोटरसोबत पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसाच. मोटर फिरली की व्होल्टेज बदलतं आणि समोरच्या दिव्यांच्या रांगेतला ठिपका सरकतो.

मग अडचण कुठे?

ठिपका सेन्सरची जागा दाखवतो, पट्टीची नाही. मोटर आणि पट्टी जोडणारी दांडी निसटली, तरी ठिपका सरकतच राहतो. सेन्सरच्या वायर उलट्या जोडल्या, तर 'नाक वर'च्या जागी 'नाक खाली' दिसतं. फ्लॅप निदान मान वळवून बघता येतो, शेपटीवरची पट्टी सीटवरून दिसत नाही. आणि ट्रिम पूर्ण 'नाक वर' ठेवून टेकऑफ केला, तर नाक जोरात उसळतं. तिथे वेग पडला, तर सावरायला उंचीच नसते.

कारखान्यातल्या विमानात ही मांडणी मॉडेलप्रमाणे ठरलेली असते. होमबिल्टमध्ये ती बांधणाऱ्याने ठरवलेली असते, आणि नव्या मालकाला ती माहीत असेलच असं नाही.

माझ्या मते असं विमान घेणाऱ्याने पहिल्या उड्डाणाआधी एक गोष्ट करावीच. इंजिन बंद ठेवून एकाने स्विच दाबायचा, दुसऱ्याने शेपटीपाशी उभं राहून पट्टी कुठे जाते ते ओरडून सांगायचं. टेकऑफची जागा जुळली की इंडिकेटरवर खूण करायची. काही मिनिटांचं काम आहे, पण ते जमिनीवरच होऊ शकतं.